गुलाबी मंजन, काळी मिश्री

“बाईंची आईपन मिश्री लावती. मी पाह्यलंय माझ्या डोळ्यांनी.”

वाक्य मागच्या रांगेतून आलं. मी वर्गाकडे पाठ करून टेबलावर प्लास्टरचा मोठा जबडा मांडत होते. जुन्या चादरीत गुंडाळून आणलेला तो जबडा जीपच्या धक्क्यांनी दर वेळी कुठेतरी टवका उडवून घ्यायचा, आणि त्या दिवशी पुढचाच एक दात खालून हलायला लागला होता.

“चल, कायपन! बाई इंग्रजीत शिकल्यात.”

“मग? त्यांची आई थोडीच शिकलीय इंग्रजीत?”

फिसकन हसण्याचा आवाज आला. गुरुजींनी पट्टी आपटली आणि वर्ग गप्प झाला. मी जबड्यावरची धूळ पुसत राहिले, होती त्याहून कितीतरी जास्त. वळून पाहिलं तेव्हा माझा चेहरा नेहमीसारखाच असणार. चेहऱ्यावर काही दिसू न देणं ही एक गोष्ट मला लहानपणापासून चांगली जमायची. बोलणारी मुलगी कोणती तेही मला कळलं होतं. मंदा. तिथेच सायखेड्यात माझ्या मामाच्या घराला लागूनच तिचं घर होतं. आई आठ दिवसांपूर्वी माहेरी जाऊन आली होती, आणि सकाळी ओट्यावर बसून तोंडात बोट फिरवताना मंदाने तिला पाहिलं असणार. माझी भाची दातवाली बाई आहे हे मामाने अख्ख्या आळीला सांगून ठेवलेलंच होतं.

मी दातवाली बाई कशी झाले ते सांगायला हवं. कॉन्व्हेंटमधल्या आमच्या सिस्टर म्हणायच्या, ही मुलगी फार पुढे जाईल. मी गेले ती जीपमधून सायखेड्यापर्यंत. बी.ए. झाल्यावर वर्षभर घरीच होते. वडिलांच्या ऑफिसातल्या कोणीतरी सांगितलं की शहरातली एक धर्मादाय संस्था गावोगावच्या शाळांतून मुलांचे दात तपासते, आणि तिला इंग्रजी पत्रकं वाचून मराठीत बोलणारी मुलगी हवी आहे. मला दोन्ही भाषा येतात असा त्यांचा समज झाला. खरं तर मला दोन्ही भाषांत गप्प बसता यायचं. वर्गासमोर उभी राहिले की माझं मराठी पुस्तकासारखं व्हायचं. “मुलांनो, आपण आपल्या दंतपंक्तींची निगा राखली पाहिजे,” असं मी पहिल्याच दिवशी म्हणाले, आणि पुढच्या बाकावरच्या पोराने शेजारच्याला विचारलं, “काय पायजे म्हनती ही?”

डॉक्टर होत्या पारखे मॅडम. निवृत्तीला आलेल्या, गुडघ्यांनी दमलेल्या, पर्समध्ये कायम आल्याच्या वड्या. त्या खुर्चीवर बसायच्या, पोरं रांगेने यायची. मी बॅटरी धरायची आणि म्हणायचं, “आ कर.” मॅडम छोटा आरसा आत घालून काय ते पुटपुटायच्या, मी लिहून घ्यायचं, आणि मॅडम म्हणायच्या, “चला, पुढचं तोंड.” दुपारपर्यंत त्यांचा आवाज बसायचा आणि माझा हात भरून यायचा. तोंडांचा वास, चुन्याच्या भिंतींचा वास, बाहेर मुलांच्या खाऊसाठी शिजणाऱ्या सुकडीचा वास, सगळं एकत्र होऊन डोक्यात बसायचं आणि घरी आल्यावरही उतरायचं नाही. आज माझ्याच तोंडात वरची कवळी आहे. रात्री ती वाटीत ठेवताना कधीकधी माझ्या तोंडून आपोआप “चला, पुढचं तोंड” निघतं, आणि एकटीलाच हसू येतं.

पत्रकं परदेशातून आलेली होती. त्यांत सोनेरी केसांचा एक मुलगा बेसिनसमोर उभा राहून ब्रश करत होता, आणि खाली केक, चॉकलेट, टॉफी यांवर लाल फुल्या होत्या. ते चित्र दाखवलं की मुलं विचारायची, “बाई, भिंतीला परात का लावलीय?” केक कोणी पाहिलेला नव्हता. त्या गावांत दातांचं जे नुकसान होतं ते गुळाने, उसाने, आणि मुलींच्या बाबतीत मिश्रीने. पण मिश्रीवर फुली मारलेलं चित्र त्या पत्रकात नव्हतं. पत्रकात नाही म्हणून मीही ते बोलायचे नाही. मॅडम तोंडं तपासायच्या, भाषण माझं होतं, आणि भाषणात काय घ्यायचं हे मला कोणी विचारत नव्हतं.

मिश्री आमच्या घरातही होती, पण तो शब्द नव्हता. शहरात द्वारका चौकाजवळ, मोठ्या रस्त्यापासून जरा आत, आमच्या दोन खोल्या होत्या. पहाटेपासून ट्रकांचे हॉर्न, त्यावर शेजाऱ्यांचा रेडिओ, त्यावर आमच्या स्टोची भरभर. महिन्या-दोन महिन्यांनी आई पंचवटीच्या बाजारातून भाजीच्या पिशवीच्या तळाशी तंबाखू घेऊन यायची. वडील ऑफिसात गेले की एक जुना, कडा फुटलेला तवा निघायचा. भाकरीचा तवा वेगळा आणि हा वेगळा. त्यावर तंबाखू भाजत भाजत पार काळी व्हायची. धूर घशात शिरायचा आणि मी खोकत खोकत बाहेर पळायचे. मग आई ती चुरायची, फडक्यातून गाळायची आणि एका गोल पितळी डबीत भरायची. संध्याकाळी वडील आले की म्हणायचे, “आज काहीतरी करपलंय वाटतं.” आई म्हणायची, “हो, दूध लागलं.” आमच्याकडे दूध फार वेळा लागायचं.

सकाळी चहाच्या आधी ती मागच्या दारी मोरीजवळच्या दगडावर, सगळ्यांकडे पाठ करून बसायची. डाव्या तळहातावर चिमूटभर मिश्री, उजवं बोट तोंडात. तेवढा वेळ वडील त्या दाराकडे जायचे नाहीत. तेवढा वेळ मीही तिला हाक मारायचे नाही, कारण तिला ओ देता यायची नाही. बाकी सबंध दिवस कोणी ना कोणी तिला हाक मारत असे. चहा, डबा, पाणी आलं का, सुतळी कुठाय. त्या दगडावर मात्र तिचं तोंड भरलेलं असायचं आणि ती फक्त समोरच्या भिंतीकडे पाहत बसायची. ती तेवढीच एक जागा तिची आहे हे मला फार लवकर कळलं होतं. म्हणूनही असेल, मी त्याबद्दल कधी बोलले नाही.

तिचे दात कडेने काळे होते. हसताना ती पदर तोंडावर घ्यायची. माझ्या शाळेच्या कार्यक्रमाला वडील एकटेच यायचे आणि सिस्टरना सांगायचे, मिसेसची तब्येत बरी नाही. मला त्यात वाईट वाटल्याचं आठवत नाही. आमच्या घरात गोष्टी अशाच ठेवलेल्या होत्या, आणि मी त्या ठेवल्या तिथून उचलत नसे.

सायखेड्याच्या शाळेत आमची पहिली फेरी झाली तेव्हा ब्रश अर्ध्या मुलांनाही पुरले नाहीत. मुलगे पुढे बसलेले, ब्रश त्यांच्यातच संपले. मॅडम म्हणाल्या, “मुलींना बोटाने शिकव. बोट काही वाईट नाही.” मग मी जबड्यावर बोट फिरवून दाखवलं. हे पहिलं बोट. असं गोल गोल. घाई करायची नाही. हिरड्यांवरूनही फिरवायचं, म्हणजे रक्त नीट खेळतं. सकाळी एकदा आणि झोपायच्या आधी एकदा, दोन्ही वेळा, न चुकता. मुलींनी हवेत बोटं फिरवली. त्या दिवशी मी जरा बरी बोलले असं मलाच वाटलं. निघताना प्रत्येकीला गुलाबी दंतमंजनाची पुडी दिली. जीप वळेपर्यंत निम्म्या मुली पुडीत बोट घालून चाटत होत्या. ते मंजन गोड होतं.

त्याच सुमारास घरी एक बदल झाला, आणि तो बहुधा फक्त माझ्या लक्षात आला. आईने ठेचा सोडला. आमच्याकडे ठेच्याशिवाय जेवण नसायचं. हिरवी मिरची तव्यावर भाजून, लसूण आणि मीठ घालून, तांब्याच्या बुडाने तव्यातच रगडलेली. बाजरीची भाकरी, ठेचा आणि वरून कच्चं तेल, एवढ्यावर आई जेवून उठायची आणि वडिलांनी दोन घास खाऊन पाणी मागितलं की हसायची. ती आता आम्हाला ठेचा वाढायची आणि स्वतः दुधात भाकरी कुस्करून घ्यायची. आधी म्हणाली दाढ दुखते. मग म्हणाली उष्णता झालीय. मग काही म्हणेनाशी झाली, नुसती भाकरी कुस्करू लागली. चहासुद्धा ती बशीत ओतून पार गार करून, तोंडाच्या एकाच बाजूने प्यायची.

हे सगळं मी पाहत होते. मॅडमच्या शेजारी उभं राहून तेवढं शिकले होते. तपासणीला पोरांबरोबर एखादी आई किंवा आजी आली की मॅडम आधी विचारायच्या, “तिखट झोंबतं का?” हो म्हटलं की त्यांचं पुटपुटणं थांबायचं. आरसा बराच वेळ आत राहायचा, आणि मग त्या मला म्हणायच्या, “ह्यांना सिव्हिलची चिठ्ठी दे.” चिठ्ठी म्हणजे काय ते मला माहीत होतं. पण रोज संध्याकाळी भाकरीचा तो काला समोर पाहून मी मान खाली घालायचे आणि माझा ठेचा खायचे. काय विचारणार? ते विचारायला आधी डबीचं नाव घ्यावं लागणार होतं.

तर आता सायखेड्याची ती दुसरी फेरी. मंदाचं बोलणं ऐकूनही मी ऐकलं नाही असं केलं आणि रांग लावली. पहिलीच मुलगी आली, बॅटरी धरली, “आ कर.” मॅडमनी आरसा घातला आणि थांबल्या. हिरड्यांच्या कडेला काळी रेघ. दुसरी आली, तिच्याही. तिसरीच्या खालच्या ओठाच्या आत काळपट थर होता. मागच्या खेपेला मोठ्या वर्गातल्या दोघी-तिघींचं असं होतं. आता पाचवीच्या निम्म्या मुली.

“काय गं, मिश्री लावता?” मॅडमनी विचारलं.

“हा.” मुलगी खुशीत होती. “रोज, दोनदा.”

“दोनदा?”

“बाईंनी सांगितलंय ना. सकाळी न् झोपायच्या आधी. असं गोल गोल.” तिने बोट फिरवून दाखवलं. बरोबर मी शिकवलं तसंच. “पुडी सपली, मग आयनं तिच्या डबीतली दिली.”

मागून एकजण म्हणाली, “माझी आयपन आता दोनदा लावती. बाईंनी हिरड्यांना लावा म्हनून सांगितलंय ना, त्यानी रगत खेळतंय.”

मॅडम हसायला लागल्या. ते हसणं मला अजून ऐकू येतं. त्यात आनंद नव्हता आणि रागही नव्हता. खूप वर्षं एकच ओझं वाहणारा माणूस ते खाली पडल्यावर हसतो तसं होतं. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. “नलिनी,” त्या म्हणाल्या, “मी कशाला येते गं गावोगाव? घरी बसून लोणचं घातलं असतं.” गुरुजी दारात उभे होते, तेही हसले. मग म्हणाले, “मॅडम, आमच्या घरातपण आहे. कोणाला बोलायचं?”

मला हसू आलं नाही. मी बॅटरी पुन्हा वर धरली आणि यादीतलं पुढचं नाव पुकारलं.

शेवटी शेवटी मंदा आली. बारीक, कानात काड्या, नजर सरळ. तिच्या हिरड्या स्वच्छ होत्या. मॅडम म्हणाल्या, “शाबास! तू नाही लावत?”

“नाय.”

“का गं?”

ती मॅडमशी बोलली नाही, माझ्याकडे पाहून बोलली. मघाशी मी ऐकलं होतं हे तिला ठाऊक असावं. “माझी आजी लावायची. तिला आधी तिखट झोंबायला लागलं. मग तिनं तिखट सोडलं. दूधभाकर खायची. मग तिला बोलता येईना. मग गेली. बाई, तुमच्या आईनी माझ्या घरी भाजी नाय खाल्ली. माझ्या आईनी लय आग्रह केला. म्हनल्या, नको, झोंबतंय.”

मॅडमनी आरसा खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. नुसतं म्हणाल्या, “चला, पुढचं तोंड.” पण पुढचं तोंड यायला वेळ लागला, कारण मी नाव पुकारायचं विसरले होते.

परतताना मामाने जीप थांबवून आईसाठी कोथिंबिरीच्या जुड्या दिल्या. रस्ताभर त्यांचा वास येत होता. मॅडमनी आल्याची वडी पुढे केली, मी घेतली. शहर जवळ आल्यावर त्या बाहेर पाहतच म्हणाल्या, “सामान उकळून ठेवशील ना आज? आरसा, बॅटरी सगळं तुझ्याकडेच आहे.” सामान उकळायचं काम माझंच असायचं, ते मी दर वेळी घरी नेऊन करायचे. त्यांना ते सांगायची काही गरज नव्हती. मी हो म्हटलं.

घरी पोहोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. वडील जेवून शेजारी बातम्या ऐकायला गेले होते. आई माझ्यासाठी थांबली होती. मी स्टोवर पाण्याचं पातेलं ठेवलं, त्यात आरसा टाकला. पाणी उकळताना आरसा बुडाशी वाजत राहिला. ताटात ठेचा, भाकरी, वांग्याची भाजी. तिच्या ताटात दूध.

“दादा भेटला का?”

“भेटला. कोथिंबीर दिलीय.”

“बरी हाय का वहिनी?” माहेरचा विषय निघाला की तिची भाषाही माहेरी जायची. “आन् शाळेत काय म्हनत होते?”

मी भाकरीचा तुकडा मोडला. “मुली मिश्री लावतात,” मी म्हणाले. “लहान लहान मुली.”

त्या खोलीत तो शब्द पहिल्यांदाच कोणी उच्चारला होता. भिंतीला किंवा भांड्यांना काही झालं नाही. आई दुधात भाकरी कुस्करत राहिली. मग म्हणाली, “लहान हायेत. नको लावायला.”

“तू किती वर्षांची होतीस?”

“मी? दुधाचे दात पडत होते तवा. आयनंच बोट घातलं तोंडात. म्हनली, आता नवे येतील ते घट्ट येतील.” ती हसली आणि सवयीने पदर वर गेला. हसणं मध्येच थांबलं. पदराच्या आत तिने गालावर हात दाबून धरला होता. मी पाहतेय हे दिसताच तिने तो काढला आणि माझ्या ताटाकडे बोट दाखवलं. “जेव की. गार होतंय.”

पुढे जे झालं ते सांगायची जागा ही नाही. दवाखान्यांच्या फेऱ्या झाल्या, मुंबईला दोनदा जावं लागलं. माझ्या मुलीच्या बारशाला आईने पाहुण्यांसाठी झणझणीत रस्सा केला आणि स्वतः न चाखता केला, तरी मीठ-मिरची बरोबर होती. ती पितळी डबी आता माझ्याकडे आहे. मी त्यात सुया ठेवते. कितीही घासली तरी झाकण उघडल्यावर आत तोच वास असतो. पण त्या संध्याकाळी मला यातलं काही माहीत नव्हतं. मला एवढंच कळत होतं की आता गप्प राहिले तर पुढेही गप्पच राहीन. आमच्या घरात ते अवघड नव्हतं, आणि आई मला गप्प राहू देईल.

मी ताट बाजूला सरकवलं. स्टो बंद केला, चिमट्याने आरसा काढून झटकला. आई पाहत होती. काय चाललंय ते तिला आरसा दिसताच कळलं असणार, कारण ती उठायला लागली. “मोरीत भांडी पडलीत,” असं काहीतरी म्हणाली. मी तिच्या समोर गुडघे टेकून बसले. बॅटरी लावली तेव्हा उजेड आधी तिच्या मानेवर पडला, मग हनुवटीवर. दिवसभर मी जे म्हणत होते, ओळखपाळख नसलेल्या पोरांना म्हणत होते, ते दोनच शब्द होते. तिने पदर तोंडाशी घट्ट धरला होता. मी तिचा हात धरून हळूच खाली घेतला. तो थंड होता, आणि तिने तो सोडवून घेतला नाही.

“आई,” मी म्हणाले, “आ कर.”